बेळगावकडचा पाऊस

"जोपर्यंत मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होत नाही, तोपर्यंत या द्वैभाषिक राज्याचा एक ढगसुद्धा मी माझ्या अंकात तरंगू देणार नाही!"

साप्ताहिक 'नांगरफाळ'चे संपादक नाना गोळविलकर यांनी टेबलावर मूठ आपटून ही घोषणा केली, तेव्हा गिरगावातल्या त्या छापखान्यात इतिहासाला साक्षी म्हणून दोनच माणसं हजर होती. एक हरेश्वर धुरू, म्हणजे अंकातलं हवामान लिहिणारे. आणि दुसरा सीताराम कंपोझिटर. सीतारामनं विडी कानावर ठेवली, समोरच्या खणात बोटं फिरवली आणि म्हणाला,

"तसं पण नाना, 'ढ'चे खिळे तीनच उरलेत. गेल्या अंकात तुमचं 'ढोंगी' फार झालं."

द्वैभाषिकाला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. मुंबई, गुजरात, मराठवाडा, विदर्भ असं सगळं एका दावणीला बांधलेलं, आणि बेळगाव, कारवार, निपाणी मात्र म्हैसूर राज्यात टाकलेली. नानांच्या डोक्यावर, भिंतीवर एक नकाशा होता. त्यात बेळगाव-कारवार लाल पेन्सिलीनं आत ओढून घेतलेलं होतं आणि गुजरातवर शेंगदाणा तेलाच्या एका कारखान्याचं कॅलेंडर टांगलं होतं. त्यामुळे 'नांगरफाळ'च्या कचेरीत गुजरातची हवा काय आहे, हे कळायला महिनाअखेरीला पान उलटेपर्यंत थांबावं लागे.

हरेश्वर धुरू हे मूळचे दादरच्या वाडीतले. शेती म्हणून त्यांनी जन्मात पाहिली ती घरामागचे चार माड आणि मोरीच्या पाण्यावरचा अळूचा वाफा. पण 'वसंतातले हवामान व आपली शेती' हे सदर ते गेली सहा-सात वर्षं दर वसंतात 'आकाशदर्शी' या नावानं लिहीत होते, आणि एकाही शेतकऱ्याची तक्रार आली नव्हती. त्याला कारण होतं. मंगळवारच्या दैनिकात आलेला सरकारी अंदाज ते बुधवारी उतरून घेत, गुरुवारी अंक निघे आणि गावात पोचेपर्यंत शनिवार-रविवार उजाडे. म्हणजे अंदाज वाचायला मिळे तेव्हा हवा येऊन, बसून, पाणी पिऊन निघूनही गेलेली असे. ही अडचण हरेश्वर भाषेनं भरून काढत. 'पावसाचा संभव आहे' असं लिहिलं, की पाऊस पडला तर अंदाज खरा, नाही पडला तर संभव खरा.

मनानं मात्र माणूस सरळ. संध्याकाळी शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर बसले की ते ढगांकडे बघत राहत आणि त्यांना वाटे, आपण यांच्याबद्दल जरा जास्तच बोलतो.

त्या बुधवारी, शिमगा आठवड्यावर आला असताना, त्यांनी अंदाज उतरवला तो असा: 'महाराष्ट्रात हवा कोरडी राहील. म्हैसूर राज्याच्या उत्तर भागात, बेळगाव-कारवार बाजूस, मेघगर्जनेसह पाऊस व तुरळक गारा.'

नानांनी तो हातात घेतला आणि आमटीत काही तरी वळवळताना दिसावं तसा चेहरा केला.

"म्हैसूर राज्य?"

"सरकारी अंदाजात तसं आहे, नाना."

"सरकारला म्हणावं तुझा पाऊस तुझ्याकडे ठेव. खोड ते."

हरेश्वरांनी खोडलं. लिहिलं: 'महाराष्ट्राच्या दक्षिण भागात, बेळगाव-कारवार बाजूस, मेघगर्जनेसह पाऊस.'

"आता बेळगावचं नाव वेगळं कशाला?"

"म्हणजे पाऊस कुठे, ते कळावं."

"हरेश्वर, तू आजवर 'सोलापूर बाजूस' असं दर वेळी वेगळं लिहिलंस का? नाही. का? तर सोलापूर आपलंच. मग बेळगाव वेगळं लिहिलंस म्हणजे ते वेगळं आहे, हे तू कबूल केलंस. काढ."

काढलं. राहिलं: 'महाराष्ट्राच्या दक्षिण भागात मेघगर्जनेसह पाऊस व गारा.'

"आणि वर हे 'महाराष्ट्रात हवा कोरडी' काय? वर कोरडी, खाली गारा. वाचकानं छत्री घ्यायची की नाही? काढ तेही."

हरेश्वरांच्या मनाला काही तरी टोचलं, नाही असं नाही. पण बेळगाव त्यांचंही होतं. त्यांनी ते पाहिलं नव्हतं, तरी त्याच्यासाठी दोनदा घसा बसवून घेतला होता. घशापुढे दोन ओळींचं काय! मजकूर सीतारामकडे गेला. 'ढग' शब्द कुठेच नसल्यामुळे तोही खूश होता.

गुरुवारी दुपारी कोंडीराम आला. कोंडीराम मोहिते परळच्या एका गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवणारा. गाव कऱ्हाडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. लालबागच्या चाळीत एका गाळ्यात त्याच्या गावची माणसं पाळीपाळीनं झोपत, म्हणजे एक उठला की त्याच्या वळकटीवर दुसरा. या सगळ्यांसाठी 'नांगरफाळ'चे अंक कोंडीराम न्यायचा. त्या दिवशीही त्यानं अंक काखेत मारले, "रामराम, हवावाले" म्हणाला आणि गेला.

शनिवारी तो पुन्हा आला. हे कधी होत नसे. तोंड शिमग्याआधीच रंगल्यासारखं फुललेलं.

"हवावाले, लई उपकार झाले तुमचं."

"कसले?"

"आवं, कसले काय? गारा येनार म्हनून सांगितलंत की. त्याच दिशी तारा ठोकल्या. मी एकट्यानं न्हाई, गाळ्यातल्या समद्यांनी. पोस्टातला बाबू म्हनला, लालबागला काय लढाई लागली का काय?"

"तारा? काय लिहिलंत तारेत?"

"शाळू काढ म्हनून! दुसरं काय?"

हरेश्वरांना शाळू म्हणजे जोंधळा हे ठाऊक होतं. सदरात ते 'रब्बी ज्वारी' लिहीत. "पण मग... चांगलंच की. पिकला असेल ना?"

"पिकतोय कुठला! हुरडा आत्ता कुठं सरलाय. दाना टनक व्हाया अजून आठ-धा दिस उभा पायजे हुता. कच्चा काढला की वाळून पोचट हुतो, त्याची भाकरी थापताना तुटती. पर गारंत झोपन्यापरीस पोचट बरा." कोंडीरामनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तुमास्नी म्हनून सांगतो. आमची कारभारीन शेवंती, ती सारखी म्हनती, मुंबईत बसून शेती हुत न्हाई. एक तर गिरन सोडून या, न्हाई तर शेतात काय करायचं ते माझ्यावर सोडा, पत्रातनं हुकूम सोडू नका. मी म्हनलं, ह्या साली एकदा बघ. माझं ऐकून वरसाची भाकरी नीट घरात पडली तर पुन्यांदा बोलायचं न्हाई. न्हाई पडली, तर तू म्हनशील तसं."

"आणि गाव कुठलं म्हणालात तुमचं?"

"कऱ्हाडाजवळ."

हरेश्वरांनी मान वर करून नकाशाकडे पाहिलं. कऱ्हाड होतं. बेळगावही होतं. दोन्ही नानांच्या लाल रेघेच्या आत, एकाच घरात. मधलं अंतर मात्र नानांना खोडता आलेलं नव्हतं. त्यांनी त्या दिवसाचं दैनिक उघडलं. महाराष्ट्रात हवा कोरडी. पुढेही कोरडीच.

कोंडीराम गेल्यावर ते नानांपुढे जाऊन उभे राहिले आणि दुरुस्ती छापायला हवी म्हणाले.

"काय छापू?" नाना म्हणाले. "'गेल्या अंकातील पाऊस महाराष्ट्रातला नसून म्हैसूरमधला होता, वाचकांनी सुधारून घ्यावे'? पहिल्या पानावर मी सीमेसाठी प्राण द्यायला निघालोय आणि चौथ्या पानावर तू बेळगाव देऊन मोकळा होतोस?"

"नाना, एका अख्ख्या गावानं कच्चं पीक कापलं असेल."

नाना वाईट नव्हते. फक्त त्यांचं वाक्य एकदा सुटलं की त्यांनाच धरून ठेवता येत नसे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उद्या जा आणि तू सांग त्याला. पण तोंडी. छापून नाही. आणि बेळगावचा विषय जरा... जपून."

रविवारी दुपारी हरेश्वर लालबागला गेले. कोंडीराम गाळ्यात नव्हता. शेजारच्या चाळीत अंबिकाबाईच्या खानावळीत जेवायला बसला होता. खानावळ म्हणजे एक खोली. भिंतीला पाठ लावून माणसं ओळीनं बसलेली, रविवार म्हणून ताटात मटण, आणि मधोमध कमरेला पदर खोचून अंबिकाबाई, हातात पळी.

"या हवावाले! अंबिका, ह्यास्नी ताट वाढ," कोंडीराम ओरडला. "आरं, सरका जरा. ह्येंनीच आपलं पीक राखलं."

ओळीतल्या सगळ्यांनी खरकटे हात तसेच ठेवून नमस्कार केला. हरेश्वरांना बसणं भाग पडलं. ताटही समोर आलं. माणसानं आपला गुन्हा कबूल करायला जावं आणि आधी त्याच्या ताटात नळी पडावी, हा प्रसंग फार वाईट.

"कोंडीराम," ते घास न घेता म्हणाले, "मी सांगायला आलोय ते ऐकून घ्या. तो पाऊस आपल्याकडचा नव्हता."

"म्हंजी?"

"म्हणजे... अंदाज बेळगावकडचा होता. तुमच्या गावाकडे हवा कोरडीच होती."

पलीकडून आनंदा मान बाहेर काढून बघू लागला. आनंदा हा गाळ्यातला पुढारी. फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात त्यानं लाठी खाल्लेली, आणि ती कुठे बसली हे तो अजून दाखवायचा.

"हवावाले, एक सांगा. बेळगाव कुनाचं?"

नानांनी जपून म्हटलं होतं ते हेच.

"आपलंच."

"मग पाऊस कुनाचा?"

"...आपलाच."

"मग झालं तर! ह्ये काय बोलनं झालं?" आनंदा पुन्हा नळीकडे वळला.

पण कोंडीरामचा हात ताटातच राहिला होता. "आनंदा, गप रं जरा. हवावाले, आपला तर आपला. पर आमच्या शिवारावर पडनार हुता का न्हाई?"

"नव्हता."

"मग तसं का न्हाई छापलं?"

याचं उत्तर द्यायचं तर नाना, सीताराम, सरकार, म्हैसूर आणि तेलाचं कॅलेंडर, सगळ्यांची नावं घेता आली असती. हरेश्वरांनी एकही घेतलं नाही. म्हणाले, "मला तेव्हा वाटलं, आपलं म्हटलं की पुरे."

घरी शाळूच्या पेंढ्या पडल्या असतील, दाणा वाळून सुरकुतत असेल, आणि शेवंती काही न म्हणता नुसती बघत असेल, हे सगळं कोंडीरामच्या तोंडावरून एकामागून एक गेलं. कुणी शिवी दिली असती तर हरेश्वरांना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. आधी बांगड्यांचा, मग पावलांचा, मग एकदम अनेक गळ्यांतून फुटलेल्या रडण्याचा. दार ढकललं गेलं आणि खानावळीत बायका घुसल्या. केस विस्कटलेले, लुगड्यांना गूळ चिकटलेला. सगळ्यांत पुढे होती ती बाई दारातच थबकली. तिनं काखेतलं गाठोडं खाली टाकलं आणि ओळीतल्या एकेका तोंडावरून नजर नेत कोंडीरामवर आणली.

"जित्ता हाईस?"

नवऱ्याला जन्मभर 'अवो'वर थांबवणारी शेवंती भर खानावळीत असं एकेरीवर आली. कोंडीरामच्या हातातली भाकरी पडली.

"शेवंते! तू हितं?"

"जित्ता हाईस का न्हाई ते सांग आधी!"

"जित्ता हाय की! मटन खातोय!"

मग ती मटकन खाली बसली आणि खरी रडायला लागली. बाकीच्या बायका आपापला माणूस शोधून त्याला चाचपून बघत होत्या. आनंदाची बायको त्याला लाठी बसली होती तिथेच दाबून बघत होती आणि तो ओरडत होता. हरेश्वर ताट सोडून गडबडीनं उठले, त्यांना कुणी तरी दाराकडे ढकललं, ते पुन्हा खाली बसले.

हळूहळू उलगडलं ते असं. शुक्रवारी पोस्टमन गावात तारा घेऊन आला. एका दिवशी एवढ्या तारा त्यानंही कधी बघितल्या नव्हत्या. त्या दारादारांत टाकून तो गेलाच. तार म्हणजे माणूस गेलं, हे गावात पोरालासुद्धा ठाऊक. आणि घरटी तार म्हणजे काय, ते कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

"दोन वरसामागं मुंबईत गोळ्या चालल्या," शेवंती नाक पुसत म्हणाली, "तवा आमच्या आळीत एकच तार आलती. आन्‌ अवंदा समद्यांच्या दारात. आमी म्हनलं, गिरनीत कुनी वाचलंच न्हाई."

"आगं पर वाचून घ्यायची न्हाईस का?"

"कशाला? तारंत काय आसतंय ते काय वाचाया लागतंय? आन्‌ वाचनार कोन? गुरुजी गेल्यात निपानीला, सीमेच्या सभेला."

गूळ घेऊन मुंबईला निघालेला एक ट्रक त्यांना सडकेवर मिळाला. ढेपांवर बसून त्या आल्या, रस्ताभर रडत. ड्रायव्हरनं पुण्यात त्यांना चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

शेवंतीनं कनवटीला हात घातला आणि घडी न मोडलेली तार काढून हरेश्वरांपुढे धरली. कुठल्याही बाईला शिकलेला माणूस लांबून ओळखता येतो. "दादा, वाचा. एवढं रडलो, कशापायी ते तरी कळू द्या."

हरेश्वरांनी तार उघडली. घसा खाकरला.

"'गारा येणार. शाळू लगेच काढ. कोंडीराम.'"

मग अंबिकाबाईनं पदर तोंडाला लावला आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. एकेक करत बायका हसायला लागल्या, रडत होत्या त्याच तोंडानं. शेवंती तेवढी हसली नाही. नवऱ्याकडे बघत राहिली.

"ह्याच्यासाठनं कुकू पुसनार हुते न्हवं मी?"

कोंडीराम खाली बघून बोटानं ताटावर रेघा ओढू लागला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "शाळू... काढला का?"

"कवा काढनार? तार हातात आली तशी घराला कडी घातली. हाय तसा उभा हाय."

ओळीतली सगळी माणसं एकदम ताठ झाली. उभा हाय! एकाचा नाही, सगळ्या गावाचा! आनंदा मांडीवर थापा मारू लागला.

"आन्‌ पाखरं?" कोंडीरामला दुसरी भीती सुचली. "राखन कोन करतंय? आय?"

"आत्याबाई हायती गोफन घिऊन शेतातल्या माळ्यावर. त्यास्नी सांगितलंच न्हाई काय. माह्यारी जाते म्हनलं." शेवंतीनं डोळे पुसले. "ऐकू येत न्हाई त्ये एक बरं. गाव रडत हुतं आन्‌ त्या पाखरं हाकत हुत्या. निघताना मला म्हनल्या, लवकर ये, काढनी जवळ आलीया."

यावर कुणाला हसू आलं नाही. खाली कुठे तरी सभेचं लाऊडस्पीकर चाललं होतं आणि कुणी तरी महाराष्ट्राच्या सीमा सांगत होतं.

"दादा," शेवंती हरेश्वरांकडे वळली. कोंडीरामनं तिला आतापर्यंत ओळख करून दिली होती. ती ऐकून तिची नजर जरा बारीक झाली होती. "ते पेपरात हवा लिवनारं तुमीच न्हवं? मग आता खरं सांगा. शिवार मोकळं टाकून आलोय. आठ दिस पाऊस हाय का न्हाई?"

सहा-सात वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी समोर बसून विचारला नव्हता. 'संभव आहे' हे शब्द सवयीनं ओठांवर आले. त्यांनी ते गिळले. दैनिकात कोरडी हवा होती, पण दैनिक कालचं. त्याच्या पुढे आभाळ होतं, आणि आभाळाला ना नानांची लाल रेघ दिसत होती ना सरकारची काळी.

"मला ठाऊक नाही, बाई," ते म्हणाले. "काल तरी नव्हता."

कोंडीराम विचार करून म्हणाला, "मग आसंच छापत का न्हाई?"

हरेश्वरांना ते वाक्य लागलं. त्यांना वाटलं, खरंच, का नाही छापत? उद्या जाऊन नानांना सांगावं, सदराची रीत बदलू. पाऊस जिथे पडेल तिथला लिहू. गाव कुणाचं हे पहिल्या पानावर भांडून घ्या. ढग कुठे आहे हे चौथ्या पानावर खरं राहू द्या. आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणून लिहू. यानं अंक बंद पडला तर पडो. आपण एका गावाला विधवा केलं होतं, दोन दिवस का होईना, आणि ज्यानं वाचलं त्याचंच नुकसान होणार होतं; न वाचणारीनं पीक राखलं. ते बसल्या जागी ताठ झाले, हात जोडले.

"शेवंतीबाई, आज या खोलीत, तुम्हां सर्वांच्या साक्षीनं मी एक सांगतो. आजपासून या हातून..."

"त्ये सांगा निवांत, दादा," शेवंती संकोचून म्हणाली. "पर जरा उठता का? माझ्या गाठोड्यावर बसलाय तुमी मगाधरनं. त्यात आत्याबाईनी माह्यारासाठनं दिलेल्या पोळ्या हायत्या."